बाणाची शेपटी

१

माणसांना समोरचं बटण दिसत नाही. हिरवंगार, तळहाताएवढं, वर 'सबमिट' लिहिलेलं बटण दिसत नाही! मग ती फोन करतात, आणि तो फोन माझ्या टेबलावर वाजतो. इथे दिल्लीत आमच्या मिनिस्ट्रीत नवीन पोर्टल आलं की त्याची सचित्र माहितीपुस्तिका मी बनवते. स्क्रीनचे फोटो घ्यायचे आणि प्रत्येक फोटोवर लाल बाण काढायचा, 'इथे दाबा'. एवढी वर्षं सरकारी नोकरी करून शेवटी मी मोठमोठ्या साहेबांना बोट धरून बटणापर्यंत नेते.

त्यासाठी इंटरनेटवर एक फुकटची वेबसाइट आहे. फोटो चढवा, बाण निवडा, माउस ओढा, झालं. जिथून ओढाल तिथे शेपटी, जिथे सोडाल तिथे टोक. शेपटी नेहमी मोकळ्या जागेत ठेवायची म्हणजे बाण उठून दिसतो, हे मी क्षिप्राला शिकवलं. क्षिप्रा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. पोरगी चुणचुणीत आहे, पण हल्ली तिचंही लक्ष नसतं. "मॅम, ये फाइल तो आपने कल भी भेजी थी," म्हणते. मी कशाला एकच फाइल दोनदा पाठवीन? स्वतःचा मेल नीट बघायचा नाही आणि माझ्या नावावर खपवायचं.

घरी आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये याहून वेगळं काही नाही. नवरा सुधन्वा याला फ्रिजमधलं दही दिसत नाही. मुलगी केतकी बारावीला आहे, तिला फोनशिवाय काही दिसत नाही. आणि या सगळ्यात भर म्हणून सासूबाई विसरायला लागल्या.

सासूबाई म्हणजे इंदुमती. सासरे गेल्यावर वाईचं घर बंद करून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा केतकी रांगत होती. माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे, हे मी चारचौघांत सांगते. आता त्यांना वार आठवत नाही, बाथरूमचं दार सापडत नाही, कधी कधी समोरच्या केतकीचं नाव आठवत नाही. आणि मग तो गॅसचा प्रकार झाला. आम्ही सगळे आपापल्या कामाला गेलेलो, दूध उतू जाऊन शेगडी विझलेली आणि बटण तसंच चालू. शेजारच्या अलकनंदाभाभींना वास आला म्हणून त्यांनी दार बडवलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. सासूबाई बाहेरच्या खोलीत दिवाणावर गाढ झोपल्या होत्या.

सुधन्वाने त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "मीच ठेवलं असेल दूध."

त्याने गुरुग्रामला एक ठिकाण बघून ठेवलं. तिथे नर्स असतात, बाग आहे, सगळं आहे. "दिवाळीनंतर नेऊ," म्हणाला.

"नेऊ म्हणजे? त्या काय सुटकेस आहेत?" मी भडकले. "मला वेळ दे. दिवाळीपर्यंत घरात काही झालं नाही तर आई इथेच राहतील."

"अच्छा, आणि झालं तर?"

"होणार नाही," मी म्हटलं.

२

रविवारी सकाळी मी घरभर फिरून फोटो काढले. गॅसचं बटण, बाथरूमचं दार, गीझर, औषधांचा डबा, दाराची कडी. वेबसाइटवर चढवून प्रत्येकावर जाडजूड लाल बाण काढले, मुनिरकाला जाऊन रंगीत प्रिंट काढून आणल्या. दुकानात यूपीएससीच्या पोरांची ही गर्दी, माझा नंबर येईपर्यंत जीव मेटाकुटीला आला. घरी येऊन सासूबाईंना दिवाणावर बसवलं.

"आई, हे बघा. बाण कुठे आहे? गॅसच्या बटणाकडे. चहा झाला की काय करायचं?"

त्यांनी चष्मा लावला, चित्र हातात धरलं आणि बोट ठेवलं ते नेमकं शेपटीवर.

"इथे कोण उभं आहे?"

"कुणी नाही उभं. हा बाण आहे."

"ते कळतंय गं. पण दाखवतंय कोण?"

"मी दाखवतेय! मीच काढलाय ना!"

"तू तर इथे बसलीयेस," त्या म्हणाल्या. चेहरा इतका सरळ, की मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना.

शेवटचं चित्र घरातल्या सगळ्यांचं होतं, याच खोलीत काढलेलं. प्रत्येकाकडे एक बाण आणि खाली नाव. सुधन्वा, केतकी, देवयानी. देवयानी म्हणजे मी. ते बघून मात्र सासूबाई अस्वस्थ झाल्या.

"माणसांकडे बोट नको गं रोखूस. वाईला मांडवावर कोवळी काकडी धरली तरी आम्ही तिच्याकडे बोट करत नव्हतो. बोट केलं की कुजते."

"मी काकडी आहे का, आई?"

"निदान तुझ्यावरचा तरी काढून टाक."

काढत बसते! एवढे पैसे घालून प्रिंट आणल्यात. मी ते चित्र दिवाणाच्या वर भिंतीला चिकटवून टाकलं.

३

आणि चक्क उपयोग झाला. आठवड्याभरात सासूबाई एकट्या बाथरूमला जायला लागल्या, चहा करून गॅस बंद करायला लागल्या. मी ऑफिसात क्षिप्राला पेढे दिले. "मॅम, कल भी तो दिए थे," असं काहीतरी ती पुटपुटली, पण दोन्ही वेळा खाल्ले तिने.

मग एकदा सकाळी पाण्याची मोटर चालू राहिली. मी आंघोळीला, सुधन्वा फिरायला. मी धावत बाहेर आले तर मोटर बंद. सासूबाई दिवाणावर बसून तुळशीची माळ ओढत होत्या.

"मोटर तुम्ही बंद केलीत? पण मोटरचं चित्र तर मी लावलंच नाहीये."

"त्याने दाखवलं."

"कुणी?"

त्यांनी हनुवटी जराशी उचलली, बाल्कनीच्या दाराच्या दिशेने. बोट केलं नाही.

हे रोजचंच झालं. माझा चष्मा हरवायचा आणि या बसल्या जागेवरून सांगायच्या, फ्रिजवर आहे बघ. माझं ऑफिसचं ओळखपत्र तुरीच्या डाळीच्या डब्यात निघालं, तेही यांनीच सांगितलं. "आई, ठेवता तरी कशाला असल्या जागी?" मी ओरडले. त्या म्हणाल्या, "चुकलं गं माझं." सुधन्वाला डायबिटीस, त्याच्या चहात वर्षानुवर्षं साखर नाही. एकदा तो गोड निघाला तेव्हाही त्या हेच म्हणाल्या. मग माणूस पुढे भांडणार तरी काय?

केतकीने दुसरंच काढलं. ती हातात पट्टी घेऊन एकेका चित्रासमोर उभी राहत होती.

"आई, हे सगळे ॲरो तू कुठून ड्रॉ केले?"

"मोकळ्या जागेतून. अभ्यास कर."

"अगं, ये तो बिल्कुल फिजिक्सवाला रे डायग्राम आहे. किचनवाला मागे एक्स्टेंड केला की दारातून बाहेर येतो. बाथरूमवाला भिंतीतून आरपार येतो. सगळे एकाच पॉइंटला मिळतात." तिने पट्टीने बाल्कनीच्या दाराशेजारचा कोपरा दाखवला. "जैसे कोई वहीं खडा होके सबको दिखा रहा है."

"घरात मराठी बोल," मी म्हटलं. पण ती क्लासला गेल्यावर मी स्वतः पट्टी घेऊन सगळं तपासलं. पोरगी बरोबर होती.

४

यात गूढ काही नाही, हे मी स्वतःला नीट समजावलं. शेपटी मोकळ्या जागेत ठेवायची माझी सवय. त्या कोपऱ्यात काही नाही, म्हणून तिथून बाण निघाले. झालं, मिटलं. भांडी घासता घासता पुढचा प्रश्न मनात आला आणि मी नळ बंद केला.

त्या कोपऱ्यात काही का नाही?

आमचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि वीतभर स्वयंपाकघर. कपाटांवर सुटकेसा, सुटकेसांवर गाद्या, बाल्कनीत सायकल, पलंगाखाली केतकीची पहिलीपासूनची पुस्तकं. लोखंडी कपाट तर पॅसेजमध्ये उभं आहे, सगळे त्याच्या कडेने अंग चोरून जातात. आणि बाल्कनीच्या दाराशेजारी, पडद्याच्या अलीकडे, माणूस आरामात उभा राहील एवढी जागा आम्ही इथे राहायला आल्यापासून मोकळी. कुणी तिथे चप्पलसुद्धा काढली नाही कधी.

मग मी लक्ष ठेवलं. सुधन्वा पेपर आणायला बाल्कनीत जाताना तिथून नाही गेला, दिवाणाला गुडघा आपटून वळसा घालून गेला. राधा लादी पुसायला येते, तिचं फडकं तिथे आलं की अर्धगोल फिरून पुढे जायचं. तरी तिथे धूळ नव्हती. मी स्वतः पाण्याची बाटली आणायला उठले आणि दिवाणाला गुडघा आपटला. म्हणजे मीसुद्धा!

दिवाळीची साफसफाई आलीच होती. "सुधन्वा, उठ. कपाट तिकडे कोपऱ्यात सरकवू या," मी म्हटलं. तो कुरकुरत उठला. केतकी आणि तो, दोघांनी मिळून कपाट रेटत आणलं, आणि थांबले.

"लागलं भिंतीला," सुधन्वा म्हणाला.

"कुठे लागलंय? एवढी जागा आहे अजून."

त्याने पुन्हा रेटलं. कपाट कशाला अडलं नाही, आवाज झाला नाही, तोच थांबला. "लागलं गं."

"हे काय मग?" मी झाडूचा दांडा त्या फटीत घालून दाखवला. दांडा अख्खा आत गेला. हात का घातला नाही, ते मला विचारू नका.

सुधन्वाने बघितलं. म्हणजे बघायला लागला, आणि त्याची नजर घसरून पडद्यावर गेली. "पडदे धुवायला टाकायचेत का?" म्हणाला. केतकी तर फोन काढून निघूनच गेली. मी चिडून एकटीने खांदा लावला. कपाट हलायला लागलं होतं, मला ते जाणवत होतं, आणि तरी मी मध्येच थांबले आणि म्हणाले, असू दे.

सासूबाई दिवाणावरून बघत होत्या. "त्याला उभं राहायला लागतं गं," त्या म्हणाल्या.

५

असल्या बाबतीत माझ्याकडे एकच इलाज आहे. लोकांना समोरचं दिसत नसलं की मी बाण काढते.

फटीचा फोटो घेतला, वेबसाइट उघडली. कपाटावर माउस धरला, फटीपर्यंत ओढला, सोडला. बाण आला तो उलटा. शेपटी फटीत आणि टोक खाली, फोटोच्या खालच्या कडेला. पुसला, पुन्हा काढला. पुन्हा तसाच. मग मुद्दाम उलटीकडून ओढून बघितला. शेपटी फटीत, टोक खाली. वेबसाइट बंद करून उघडली, माउस बदलला, दोन शिव्या घातल्या. शेपटी फटीत, टोक खाली, बरोबर मध्यावर. बराच वेळ मी त्या टोकाकडे बघत बसले. खालच्या कडेला मध्यावर कुणी नसतं फोटोत. तिथे फोटो काढणारी उभी असते.

वेबसाइट बंडल आहे, दुसरं काय! ऑफिसात गेल्या गेल्या क्षिप्राला सांगितलं. तिने आपल्या कॉम्प्युटरवर बाण काढून बघितला.

"ठीक तो चल रहा है, मॅम."

मग तिने खुर्ची जवळ ओढली आणि माझीच माहितीपुस्तिका उघडून दाखवली. पानापानावर बाण. बटणापासून निघून खाली, कडेकडे गेलेले. एकही बटणाकडे नव्हता.

"कुछ दिनों से सब ऐसे ही आ रहे हैं. मैं शाम को ठीक कर देती हूँ. आपको बोला नहीं, बुरा लगेगा."

"कधीपासून?" मी विचारलं. ती मेलबॉक्स उघडायला लागली, तेव्हा मीच राहू दे म्हटलं. मला एकदम खूप भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून मी तिच्यावर खेकसले.

त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी आले तर दार सताड उघडं, सगळ्या खिडक्या उघड्या. सुधन्वा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. पुन्हा गॅस. तो पाकीट विसरला म्हणून दुपारी परत आला आणि त्याला वास आला.

"आई, दूध तू ठेवलंस?" त्याने विचारलं.

"हो रे," सासूबाई म्हणाल्या. "मीच."

तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही त्याने. "देवयानी, बस झालं आता. उद्या गुरुग्रामला जाऊ." आणि तो मोकळ्या हवेसाठी खाली गेला.

६

दुपारचं ऊन बाल्कनीतून आत आलं होतं. मी दिवाणाच्या कडेला बसले आणि सासूबाईंवरच भडकले. भडकण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.

"मी तुमच्यासाठी एवढं केलं! एक बटण बंद करायचं, आई. एक बटण! चित्र लावलंय तिथे! आता तो नेईल तुम्हाला, आणि मी काय करू?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा खरखरीत आणि गरम होता.

"मला दूध चालत नाही गं. पोटात गडबडतं. मी कशाला तापवीन?"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं.

"सकाळी निघताना तू ठेवतेस, अगदी बारीक आचेवर. ठेवतेस आणि निघून जातेस. त्या वेळीही तूच. मी झोपले होते, त्याने उठवलं नाही मला, अजून त्याची ओळख नव्हती. आज तो दाखवत होता, पण मला गुडघ्याने उठवेना, तेवढ्यात सुधन्वा आला."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"माझं काय जातंय? मी तर विसरतेच. तुझी नोकरी आहे. केतकीची बारावी आहे." त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. "म्हणून म्हणत होते, तुझ्यावरचा बाण काढ. काढला नाहीस."

"त्या बाणामुळे झालं हे?"

"ते मला काय माहीत? आधी काकडी कुजते मग बोट जातं, का आधी बोट जातं, आम्हालाही कधी कळलं नाही."

मला रडू आलं. फाइल, पेढे, चष्मा, डाळीचा डबा, गोड चहा, सगळं एकामागून एक डोळ्यांसमोर आलं, आणि प्रत्येक वेळी मी कुणावर ओरडले तेही. ठरवलं, सुधन्वा वर आला की सगळं सांगायचं. आधी चहा टाकू, मग सांगू. मी उठले, दिवाणाला वळसा घालून स्वयंपाकघरात गेले. खालून तो आल्याचा आवाज आला. चहाला उकळी आली. कपात ओतला, साखरेचा डबा काढला, चमचा भरला.

सुधन्वाच्या चहात साखर असते का?

मी चमचा धरून उभी राहिले. एवढ्या वर्षांचा संसार, आणि तिथे काहीच नव्हतं, पुसलेल्या लादीसारखं. मी दारातून बाहेर बघितलं, कोपऱ्याकडे. मग चमचा डब्यातच रिकामा केला आणि डबा फळीवर ठेवून दिला.

कप घेऊन बाहेर आले. सुधन्वा खुर्चीत बसला होता. "काय गं, काहीतरी सांगायचंय असा चेहरा केलायस," तो म्हणाला.

सांगायचं होतं. फार महत्त्वाचं होतं, उद्याच्या आत सांगायचं होतं, एवढं कळत होतं. बाकी काही नाही. सासूबाई माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होत्या, नको, नको. मला त्यांचा राग आला. काय नको ते तरी सांगा!

बाल्कनीतून वारा आला आणि पडदा उडाला. वर गेला आणि खाली आला नाही. खांद्याच्या उंचीवर आडवा राहिला, दोरीवर टाकल्यासारखा, आणि त्याच्या खालून काहीतरी सरळ रेषेत पुढे आलेलं होतं, हातापेक्षा लांब. ते दिवाणाच्या वर, भिंतीवरच्या चित्राकडे रोखलेलं होतं. मी त्या रेषेवरून नजर नेली. माझं नाव. मग पडदा पडला.

"मी," मी म्हटलं. "गॅस मी चालू ठेवला होता, सुधन्वा. दोन्ही वेळा. आईंना कुठे नेऊ नकोस. डॉक्टरकडे मला ने."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. सुधन्वा कधी माझ्याकडे बघत होता, कधी आईकडे. मग हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्याने कप उचलला आणि तोंडाजवळ नेऊन थांबला.

"यात साखर नाही ना घातलीस?"

"नाही," मी म्हटलं. "विचारून घेतलंय मी."